लाइट कोणाची, तार कोणाची आणि बिल कोणाच्या माथी?

मोबाइलची कंपनी आवडली नाही तर आपण नंबर तोच ठेवून दुसऱ्या कंपनीत जातो. मेसचे जेवण आवडले नाही तर महिनाअखेरीस हिशेब मिटवतो आणि दुसरीकडे डबा लावतो. मग विजेची कंपनी का बदलता येऊ नये? दोन-तीन कंपन्या आल्या, त्यांच्यात चढाओढ लागली, की दर आपोआप खाली येतील. हॉस्टेलच्या कट्ट्यावर हा विषय निघाला की बहुतेकांचे मत असेच पडते. आणि वरवर पाहता त्यात चूक काहीच दिसत नाही.

मी मूळचा वडगाव निंबाळकरचा. घरी ऊस, नीरा डाव्या कालव्याच्या पट्ट्यातली जमीन आणि विहिरीवर पाच हॉर्सपॉवरची मोटर. इलेक्ट्रिकलला ॲडमिशन घेतल्यापासून गावी गेलो की जुनी माणसे हमखास विचारतात, "काय रे इंजिनिअर, नव्या कंपन्या येणार म्हणतात. लाइट स्वस्त होणार का महाग?" (आमच्याकडे विजेला कोणी वीज म्हणत नाही. वीज पावसाळ्यात पडते, घरात असते ती लाइट!) या प्रश्नाला 'स्वस्त' किंवा 'महाग' असे एका शब्दात उत्तर देता येत नाही. कारण दर ठरतो कसा आणि त्यातल्या नेमक्या कोणत्या भागात स्पर्धा होऊ शकते, हे आधी पाहावे लागते. तेवढेच या लेखात सोप्या भाषेत मांडण्याचा प्रयत्न करतो. इलेक्ट्रिकलवाल्यांना काही भाग माहीत असेल, त्यांनी सांभाळून घ्यावे. मेकॅनिकल, सिव्हिल आणि कॉम्प्युटरवाल्यांनी मात्र जरूर वाचावे, कारण बिल सगळ्यांनाच येते.

बिलावर असते काय?

घरचे बिल हातात आले की आपण दोनच गोष्टी बघतो. एकूण रक्कम आणि शेवटची तारीख. एकदा ते सावकाश वाचून बघा. त्यात साधारणपणे पुढील बाबी दिसतील.

१) स्थिर आकार : दिवा लावा अथवा लावू नका, हा द्यावाच लागतो. कनेक्शन चालू ठेवण्याचा खर्च.
२) वीज आकार : वापरलेल्या युनिटचा दर. घरगुती ग्राहकाला तो टप्प्याटप्प्याने चढत जातो. १०० युनिटपर्यंत एक, १०१ ते ३०० दुसरा, ३०१ ते ५०० तिसरा आणि त्यापुढे चौथा.
३) वहन आकार : वीज तारेवरून आपल्या दारापर्यंत आणून देण्याचे भाडे. खांब, तारा, डीपी, सबस्टेशन, वायरमनचा पगार यांचा खर्च यातून निघतो.
४) इंधन समायोजन आकार : कोळसा किंवा बाहेरून घेतलेली वीज ठरलेल्या अंदाजापेक्षा महाग पडली तर तो फरक.
५) वीज शुल्क : हा राज्य सरकारचा कर. घरगुती ग्राहकाला १६ टक्के.

आता ही यादी स्पर्धेच्या दृष्टीने पुन्हा बघा. वीज शुल्क सरकारचे, कंपनी कोणतीही असो, ते तेवढेच राहणार. वहन आकार तारेचा. तार एकच असेल तर तिचे भाडेही सगळ्यांना सारखेच. मोबाइलच्या दोन कंपन्या हवेतून सिग्नल पाठवतात, त्यांना तुमच्या खोलीपर्यंत खांब रोवत यावे लागत नाही. विजेचे तसे नाही. एकाच गल्लीत दोन कंपन्यांनी दोन डीपी आणि दोन लाइनी टाकल्या, तर दोन्हींचा खर्च शेवटी त्याच गल्लीतल्या ग्राहकांकडून वसूल होणार. म्हणून जगभर तारेच्या धंद्याला नैसर्गिक मक्तेदारी समजतात.

तेव्हा स्पर्धा उरते ती मुख्यतः वीज आकारात, म्हणजे वीज कोण किती स्वस्तात विकत घेतो यात. मेसचेच उदाहरण घ्यायचे तर किचन एक, टेबले एक, गॅसही तोच. बदलतो फक्त भाजी मंडईतून आणणारा माणूस. त्याने भाजी स्वस्तात आणली तर ताट स्वस्त होईल, पण किती? जेवढा भाजीचा वाटा आहे तेवढेच!

कायद्याने दार उघडले कधी?

महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ, म्हणजे आपल्या आधीच्या पिढीचे 'एमएसईबी', १९६० साली स्थापन झाले. वीज तयार करणे, वाहून नेणे आणि घरोघरी देणे ही तिन्ही कामे ते एकटेच करत असे. मुंबई शहर व बहुतेक उपनगरे मात्र त्याच्या कक्षेबाहेर होती. तिथे टाटा, बेस्ट आणि बीएसईएस हे जुने पुरवठादार होते.

वीजदर कोणी ठरवायचा याचे उत्तर १९९९ मध्ये बदलले. त्या वर्षी महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग स्थापन झाला आणि दर ठरवण्याचे काम त्याच्याकडे गेले. त्यानंतर केंद्राचा विद्युत कायदा २००३ आला. तो १० जून २००३ पासून लागू झाला. या कायद्याने तीन मोठ्या गोष्टी केल्या. पहिली, औष्णिक वीज केंद्र उभारायला परवाना लागेनासा झाला. दुसरी, १ मेगावॅट किंवा त्याहून मोठ्या ग्राहकाला स्थानिक कंपनी सोडून बाहेरून वीज घेण्याची वाट खुली झाली. यालाच ओपन ॲक्सेस म्हणतात. तिसरी, एकाच भागात दोन वितरण परवाने देता येतील असे म्हटले, मात्र दुसऱ्या कंपनीने स्वतःचे जाळे उभारायचे अशी अट घातली.

याच कायद्यानुसार ६ जून २००५ रोजी मंडळाचे विभाजन झाले. निर्मितीची महानिर्मिती, पारेषणाची महापारेषण, वितरणाची महावितरण आणि या सगळ्यांच्या वर एक सूत्रधारी कंपनी. गावात मात्र आजही 'बोर्डाचा माणूस आला' असेच म्हणतात.

थोडक्यात काय, तर दार २००३ लाच उघडले. पण ते उघडले मोठ्या ग्राहकांसाठी. कारखाना, मॉल, मोठे हॉस्पिटल यांच्यासाठी. घरगुती ग्राहकाला आणि शेतीपंपाला ते दिसते, पण त्यातून जाता येत नाही. पुढे २०२२ च्या केंद्रीय नियमांनी हरित ऊर्जेसाठी ही मर्यादा १०० किलोवॅटवर आणली. तरी आमच्या विहिरीवरची मोटर ३.७३ किलोवॅटचीच आहे!

एक छोटे गणित

आता लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. कृपया पाने उलटू नका, गणित पाचवीच्या पातळीचे आहे. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून मी मनाने घेतले आहेत, ते खरे दर नव्हेत.

समजा एका कंपनीचे दोनच ग्राहक आहेत. एमआयडीसीतला एक कारखाना आणि गावातले सगळे शेतीपंप मिळून दुसरा. दोघेही ५० युनिट वापरतात. कंपनीला एक युनिट विकत घ्यायला ५ रुपये लागतात आणि तारा, माणसे वगैरेंचा खर्च युनिटमागे ३ रुपये येतो. म्हणजे सरासरी खर्च ८ रुपये, एकूण ८०० रुपये.

पण दोघांना ८ रुपये दर लावलेला नाही. कारखान्याला १० आणि पंपाला ६. कारखान्याकडून ५००, पंपाकडून ३००, बेरीज ८००. हिशेब जुळला. कारखाना जे २ रुपये जास्त देतो ते पंपाच्या खात्यात जातात. यालाच क्रॉस सबसिडी म्हणतात. भारतात जवळजवळ सगळ्या राज्यांत हीच पद्धत आहे. केंद्राच्या दर धोरणाने हा फरक सरासरीच्या अधिक-उणे २० टक्क्यांत आणावा असे सांगितले आहे.

आता नवी कंपनी आली. तिने कारखान्याला सांगितले, "साडेआठ रुपयांत देतो." कारखाना अर्थातच गेला. जुन्या कंपनीकडे राहिले फक्त पंप. तिची वीजखरेदी निम्म्याने कमी झाली, म्हणजे २५० रुपये. पण खांब आणि माणसे तेवढीच राहिली, म्हणजे ३०० रुपये. एकूण खर्च ५५० आणि जमा फक्त ३००. तूट २५० रुपये! ती पंपाकडूनच भरून काढायची म्हटले तर पंपाचा दर ६ वरून ११ रुपये होतो. कारखान्याचे वाचले दीड रुपये आणि पंपाचे वाढले पाच.

हे होऊ नये म्हणून कायद्यानेच तरतूद केली आहे. सोडून जाणाऱ्याने तारेचे भाडे, म्हणजे वहन आकार ३ रुपये द्यायचा आणि शिवाय क्रॉस सबसिडी अधिभार २ रुपये द्यायचा. ५० युनिटचे झाले २५० रुपये. तूट बरोबर भरून निघाली!

पण मग कारखान्याचे काय? त्याचे जुने १० रुपये म्हणजे वीज ५, तार ३ आणि क्रॉस सबसिडी २. नव्या कंपनीकडे गेला तरी ३ आणि २ सुटत नाहीत. नव्या कंपनीने वीज साडेचार रुपयांना दिली, तर त्याचा दर साडेनऊ होतो. दहा रुपयांच्या बिलात लढाई झाली ती अर्ध्या रुपयाची.

मला या विषयातली मुख्य गोष्ट हीच वाटते. स्पर्धा फक्त पाच रुपयांच्या भागात होते. बाकीचा भाग कोणी ना कोणी भरावाच लागतो. नवी कंपनी आल्यावर दर 'खूप' कमी झालेला दिसला, तर आधी बघायचे की तो वीज खरोखर स्वस्तात घेतल्यामुळे कमी झाला, की क्रॉस सबसिडीचे ओझे हळूच दुसऱ्याच्या खांद्यावर गेल्यामुळे.

खऱ्या हिशेबात आणखी एक गाठ आहे. वीजखरेदीचे करार २५-२५ वर्षांचे असतात आणि त्यात दोन भाग असतात. एक इंधनाचा, दुसरा क्षमतेचा. वीज घेतली नाही तरी क्षमतेचा आकार द्यावाच लागतो. दाभोळचा एन्रॉन प्रकल्प आठवा. डिसेंबर १९९३ मध्ये करार झाला, १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा सुरू झाला आणि २००१ मध्ये बिले परवडेनात म्हणून मंडळाने वीज घेणेच बंद केले. ग्राहक सोडून गेले तरी जुने करार सोडून जात नाहीत. म्हणूनच कायद्यात 'अतिरिक्त अधिभार' अशी आणखी एक तरतूद आहे.

मुंबईत काय झाले?

किरकोळ ग्राहकाला कंपनी निवडता येण्याचा मोठा प्रयोग आपल्याच राज्यात झाला आहे, तोही मुंबईच्या उपनगरांत. तिथे बीएसईएस घरोघरी वीज देत असे. ती पुढे रिलायन्सकडे गेली आणि २०१८ मध्ये अदानींकडे. टाटांचा परवानाही त्याच भागात होता. पण तो मोठ्या ग्राहकांना व घाऊक पुरवठ्यापुरताच आहे असे रिलायन्सचे म्हणणे होते. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. जुलै २००८ मध्ये न्यायालयाने सांगितले की टाटा लहान ग्राहकालाही वीज देऊ शकतात.

पण टाटांच्या तारा सगळीकडे कुठे होत्या? ऑक्टोबर २००९ मध्ये आयोगाने मार्ग काढला. ग्राहकाने टाटांची वीज घ्यावी, ती रिलायन्सच्याच तारेवरून यावी आणि रिलायन्सला वहन आकार मिळावा. याला 'चेंजओव्हर' म्हणतात. टाटांकडे खोपोली, भिवपुरी, भिरा येथील जुनी जलविद्युत केंद्रे आणि ट्रॉम्बेचे औष्णिक केंद्र. रिलायन्सकडे डहाणूचे ५०० मेगावॅट आणि बाकीची वीज बाहेरून घेतलेली. त्यामुळे त्या वेळी टाटांचा दर कमी होता. लोक अर्ज करून तिकडे जाऊ लागले.

पुढचे तुम्ही ओळखलेच असेल. आधी गेले ते जास्त वीज वापरणारे, कारण फायदा त्यांचा जास्त. मागे राहिले ते कमी दराचे, कमी वापराचे ग्राहक. वरच्या गणितातला कारखाना गेला आणि पंप राहिले, तसेच. २०११ मध्ये आयोगाने चेंजओव्हर केलेल्यांवर क्रॉस सबसिडी अधिभार लावला. मागील वर्षांच्या न वसूल झालेल्या खर्चाचा वाटाही त्यांच्याकडून घ्यायचे ठरले. २०१२ मध्ये तर काही काळ टाटांनी ३०० युनिटपर्यंतच्या लहान घरगुती ग्राहकांनाच चेंजओव्हर द्यावा असे आयोगाला सांगावे लागले. अधिभार लागताच दरातला फरक आटला. नंतरच्या वर्षांत लोक कधी इकडून तिकडे, तर कधी तिकडून इकडे जात राहिले.

हा प्रयोग फसला असे मी म्हणणार नाही. ग्राहकाला निवड मिळाली आणि आपल्याला विचारणारा दुसरा कोणीतरी आहे ही जाणीव कंपन्यांना झाली. पण बिल निम्मे होईल अशी ज्यांची अपेक्षा होती, त्यांना गणिताने उत्तर दिले. आणि एक लक्षात घ्या, मुंबईत शेतीपंप जवळजवळ नाहीत! तिथेसुद्धा एवढी ओढाताण झाली.

गावाकडे काय होईल?

आता आमच्या मोटरीचा हिशेब. पाच हॉर्सपॉवर म्हणजे ३.७३ किलोवॅट. मोटरची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर ती तारेवरून साधारण ४.६६ किलोवॅट घेते. आठ तास चालली तर दिवसाला ३७ युनिट. वर्षात १०० दिवस चालली तर ३,७०० युनिट. पुरवठ्याचा खर्च युनिटला ९ रुपये धरला तर एका विहिरीमागे ३३,३०० रुपये. राज्यात असे शेतीपंप चाळीस लाखांहून अधिक आहेत.

हा खर्च शेतकरी कधीच पूर्ण देत आलेला नाही, हे शेतकऱ्याचा मुलगा म्हणून मी मोकळेपणाने सांगतो. २००४ मध्ये सरकारने मोफत विजेची घोषणा केली आणि पुढच्याच वर्षी ती मागे घेतली. २०२४ मध्ये मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. ७.५ हॉर्सपॉवरपर्यंतच्या पंपांचे बिल एप्रिल २०२४ पासून पाच वर्षे सरकार भरणार असे त्यात आहे. म्हणजे पंपासाठी ठरलेला सवलतीचा दर सरकार भरते. त्या दरापेक्षा जो जास्तीचा खर्च आहे, तो कारखाने, दुकाने आणि जास्त वीज वापरणारी घरे यांच्या बिलातून येतो. बारामतीच्या एमआयडीसीतला कारखाना आणि वडगावची विहीर यांची ओळख नाही, पण दोघांचा हिशेब एकाच वहीत आहे.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शेतकऱ्याला मिळणारी वीज कारखान्यासारखी चोवीस तास मिळत नाही. थ्री फेज येते ती आठवड्याच्या वेळापत्रकाप्रमाणे, कधी दिवसा, कधी रात्री. पाळी रात्रीची असली की पाटाला बॅटरी घेऊन जावे लागते आणि उसात काय बसलेले असेल ते सांगता येत नाही. शिवाय कितीतरी पंपांना मीटरच नाही. तिथला वापर अंदाजाने धरला जातो आणि त्या अंदाजात आकडे टाकून केलेली चोरी व गळती किती लपते, हा वाद जुनाच आहे. तेव्हा 'शेतकरी फुकट खातो' हे वाक्य टाकण्याआधी वही पूर्ण उघडावी.

फक्त गावाच्या जिवावर वीज कंपनी चालते का? याचेही उदाहरण आहे. अहिल्यानगर, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यात श्रीरामपूर-राहुरी भागात मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था कित्येक वर्षे वितरण करत होती. मंडळाकडून घाऊक वीज घ्यायची आणि सभासदांना द्यायची. ग्राहकांत शेतीपंपांचा भरणा मोठा. मंडळाची आणि नंतर महावितरणची थकबाकी वाढत गेली. २०११ मध्ये परवान्याची मुदत संपली, तेव्हा त्या भागासाठी आयोगाने संस्थेऐवजी महावितरणची निवड केली. ज्या वहीत पंपच जास्त आणि कारखाने थोडे, ती वही जुळवणे किती अवघड असते हे यावरून दिसते.

आणि नव्या कंपन्या परवाना मागतात कुठे? नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाने अर्ज केला तो मुलुंड, भांडुप, ठाणे, नवी मुंबई, पनवेल, तळोजा, उरण या पट्ट्यासाठी. त्याविरुद्ध ४ जानेवारी २०२३ रोजी वीज कर्मचाऱ्यांनी राज्यभर संप केला. तो त्याच दिवशी चर्चेनंतर मागे घेण्यात आला. इंदापूरच्या किंवा बारामतीच्या जिराईत पट्ट्यासाठी कोणी रांग लावली असे काही माझ्या वाचनात आले नाही! यात कंपनीचा दोष नाही. व्यापारी नफा असेल तिथेच दुकान टाकतो. पण नफ्याचा पट्टा निघून गेल्यावर उरलेल्या पट्ट्याची वही कोण जुळवणार, हे आधी ठरवायला हवे.

मोठे ग्राहक दुसऱ्या दारानेही बाहेर पडत आहेतच. कायद्यात कॅप्टिव्ह, म्हणजे स्वतःच्या वापरासाठीच्या निर्मितीला क्रॉस सबसिडी अधिभार माफ आहे. वीज प्रकल्पात २६ टक्के मालकी घ्यायची आणि ५१ टक्के वीज स्वतः वापरायची, की तो कॅप्टिव्ह झाला. अनेक उद्योगांनी मिळून सोलर प्रकल्पात असा हिस्सा घेतला आहे. शहरातल्या बंगल्यावरचे सोलर पॅनेल हेही तेच. त्यात गैर काही नाही, पण जास्त दर देणारे युनिट वहीतून कमी होते हे खरे.

परदेशात काय अनुभव?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्याने १९९९ मध्ये कायदा करून १ जानेवारी २००२ पासून बहुतेक भागात किरकोळ ग्राहकाला कंपनी निवडायची मोकळीक दिली. तारा मात्र नियंत्रित कंपन्यांकडेच ठेवल्या. डझनभर कंपन्या, नाना तऱ्हेचे प्लॅन. काही ग्राहकांनी घाऊक बाजाराच्या भावाशी बांधलेला प्लॅन घेतला. एरवी तो स्वस्त पडे. फेब्रुवारी २०२१ मध्ये कडाक्याची थंडी आली, वीज केंद्रे बंद पडली आणि घाऊक भाव युनिटला ९ डॉलरवर गेला, म्हणजे त्या वेळचे साधारण साडेसहाशे रुपये! त्या प्लॅनवाल्यांना काही दिवसांचे हजारो डॉलरचे बिल आले. ब्रिटनमध्ये २०२१ मध्ये गॅस महागला, तेव्हा स्वस्त दराचे आश्वासन देणाऱ्या कितीतरी कंपन्या बुडाल्या. त्यांचे ग्राहक दुसऱ्यांकडे वर्ग करण्याचा खर्च शेवटी सगळ्यांच्याच बिलात गेला.

यातून धडा एवढाच की स्पर्धेत दर बदलतो, तशी जोखीमही हात बदलते. ती कोणाच्या हातात येते हे प्लॅन घेताना वाचावे.

मग स्पर्धा नकोच का?

असे माझे मुळीच म्हणणे नाही. मक्तेदारीत तक्रारीला दाद मिळत नाही, गळती झाकली जाते आणि महाग करार कोणी विचारल्याशिवाय चालू राहतात. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने कायद्याच्या दुरुस्तीचा नवा मसुदा चर्चेसाठी ठेवला. एकाच जाळ्यावरून अनेक कंपन्यांना वीज देता यावी अशी त्यात कल्पना आहे. म्हणजे प्रत्येकाने वेगळे खांब रोवायची गरज नाही. इंजिनिअर म्हणून मला ही कल्पना पटते. पण ती आणताना तीन गोष्टी आधी पक्क्या हव्यात असे माझे मत आहे.

पहिली, शेतीपंपाला मदत करायची असेल तर ती उघडपणे सरकारच्या अंदाजपत्रकातून करावी आणि वेळेवर द्यावी. विद्युत कायद्याचे कलम ६५ हेच सांगते की सवलत जाहीर करणाऱ्या सरकारने तिचे पैसे आगाऊ द्यावेत. दुसरी, प्रत्येक फीडरला आणि डीपीला मीटर हवा, म्हणजे वापर किती आणि गळती किती ते कळेल. तिसरी, शेतीची वीज मुळातच स्वस्तात तयार व्हावी. २०१७ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत सबस्टेशनजवळ सोलर प्रकल्प उभारून शेतीचे फीडर त्यावर चालवायचे आहेत. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते आणि दिवसा मिळते. क्रॉस सबसिडीचे ओझेच हलके झाले, तर ते कोणी उचलायचे याचे भांडणही कमी होईल. शिवाय रात्रीचे पाणी धरणे थांबेल, हा फायदा कोणत्याही दरपत्रकात लिहिलेला नसतो.

आपण विद्यार्थी यात काय करू शकतो? बरेच काही. दर बदलण्याआधी वीज कंपनीला आयोगापुढे याचिका दाखल करावी लागते, ती जाहीर करावी लागते आणि त्यावर कोणालाही लेखी हरकत घेता येते. पुण्याच्या 'प्रयास'सारख्या संस्था हे काम वर्षानुवर्षे करत आहेत. त्या याचिकेतले तक्ते वाचायला लागणारे ज्ञान आपल्याला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातच मिळते. प्रोजेक्टसाठी विषय शोधत गुगलवर फिरण्यापेक्षा आपल्या गावच्या एका फीडरचा वर्षाचा हिशेब मांडून बघा. किती युनिट आले, किती मोजले गेले, किती वसूल झाले. माझ्या मते तो कोणत्याही तयार प्रोजेक्टपेक्षा सरस होईल.

आणि तोपर्यंत निदान एवढे करा. या महिन्याचे घरचे बिल मागवून घ्या आणि वर दिलेल्या पाच बाबी त्यात शोधा. वीज आकाराला एकूण रकमेने भागा. जो टक्का येईल, स्पर्धेचा खेळ जास्तीत जास्त तेवढ्याच मैदानात होऊ शकतो. बाकीचे मैदान आपल्या सगळ्यांचे सामाईक आहे, आणि त्याची निगा कोणी राखायची हे कंपनी नव्हे, आपणच ठरवायचे आहे. जाता जाता रेक्टर सरांच्या वतीने एक विनंती : रूममध्ये लपवलेला १५०० वॅटचा रॉड अर्धा तास चालला की पाऊण युनिट जाते. हॉस्टेलमध्ये क्रॉस सबसिडी कोण कोणाला देतो, त्याचाही विचार व्हावा!

– तृतीय वर्ष, इलेक्ट्रिकल